रविवारी चालणारा दोर

मला डोळे नाहीत, मित्रांनो. कान मात्र आहेत. घरात खूप वापरलेल्या वस्तूला हळूहळू कान फुटतातच. आणि मला हात कळतात. कोणी मला धरले, की ते माणूस घाबरलेले आहे की हरखलेले, घाईत आहे की निवांत, हे मला त्याच्या बोटांवरून समजते.

मी एक दोर आहे. तीन पदरी, हिरवट-तपकिरी, अंगभर गाठी असलेला आणि आता बराच जुना झालेला. माझ्या गाठी धरून सिल्वासातली मुले कितीतरी वर्षे रविवारी सकाळी बागेत फिरली, पाखरांची नावे शिकली. एकदा ते सगळे कायमचे बंद पडायची वेळ आली होती. ती गोष्ट तुम्हांला सांगायची आहे, पण आधी माझा जन्म ऐका.

भिका नावाचा एक कामगार अमळनेरकडून इथे पोटासाठी आला. सिल्वासाच्या आमली भागातल्या एका चाळीत तो बायको बायडाबाई आणि मुलगी जया यांच्यासह राहायचा आणि कारखान्यात धाग्याला पीळ देणाऱ्या मशिनवर काम करायचा. गावाकडे त्याने अंबाडीचे दोर वळले होते, बैलांसाठी. इथे ना बैल, ना अंबाडी. पण हात काही गप्प बसेनात. मग त्याने साहेबांना विचारून मशिनखाली पडलेला टाकाऊ धागा पिशवीभर घरी आणला आणि सुट्टीच्या दिवशी दारात बसून मला वळायला घेतले.

दोर एकट्याने वळता येत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे का? दुसरे टोक कोणीतरी धरावे लागते. ते जयाने धरले होते. इवल्या मुठीत, जीव लावून. माझ्या ओळखीचे पहिले हात ते. बाप पीळ द्यायचा आणि ओरडायचा, "सोडू नको बरं जया! सोडलं की सगळं उसवलं!" आणि ती सोडायची नाही.

सुरुवातीला मी कपडे वाळत घालायचा दोर होतो. दिवाळीला गावी जाताना वळकटी बांधायचा दोर. असाच जन्म गेला असता, पण सुवर्णाबेन आल्या.

त्या मूळच्या नाशिकच्या. यजमान इथल्या कारखान्यात इंजिनियर. गुजरातेला लागूनच्या सिल्वासात कोणीही बाई वर्षा-दोन वर्षांत 'बेन' होते, तशा त्याही झाल्या. घर मोठे, गाव नवे, ओळखीचे कोणी नाही. आपला लहानगा सारंग कडेवर घेऊन त्या रोज नदीकडे उतरणाऱ्या बागेत जाऊन बसायच्या. तिथे पाखरे बघता बघता त्यांना पाखरांचा नाद लागला. एकट्याने बघून त्यांचे पोट भरेना, म्हणून त्यांनी मुले गोळा केली. साहेबांच्या सोसायटीतली आणि आमलीच्या चाळीतलीही. रविवारी सकाळी बागेत फेरी. पुस्तक नाही, फळा नाही. चालायचे आणि बघायचे, एवढेच.

पण पहिल्या फेरीला मुले अशी पांगली, की विचारू नका! कोणी सुगरणीचे घरटे पाडायला निघाला, कोणी कमळांच्या तळ्यात घोट्यापर्यंत चिखलात. पाखरे तर गाव सोडून गेली असतील! सुवर्णाबेन कपाळाला हात लावून म्हणाल्या, "यांना आता दोरीनेच बांधायला हवं."

त्या वैतागाने बोलल्या. जयाने ते खरे मानले. पुढच्या रविवारी तिने चाळीतून मला सोडून आणले, ओल्या कपड्यांच्या वासासकट.

भिकाने मग माझ्या अंगावर गाठी मारल्या. मऊ, गुबगुबीत, लेकरांच्या तळव्याला टोचू नयेत अशा. टोके काडी ओढून जरा वितळवली, म्हणजे धागे सुटायला नकोत. एकेका गाठीला एकेक मूल. पुढे सुवर्णाबेन, मागे रांग. आणि बोलायचे नाही, म्हणून खुणा ठरल्या. एक हिसका म्हणजे थांबा. दोन हिसके म्हणजे वर बघा. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने हिसका द्यायचा. मग तो रांगेत कुठेही असो.

काय सांगू मित्रांनो, दोर होण्यात एवढे सुख असेल असे मला वाटले नव्हते! झाडाच्या शेंड्यावर तांबट बसायचा, आणि ते मला एका लहान अंगठ्यातून कळायचे. मग ती थरथर माझ्या अंगातून सरसर पुढे जायची. सगळ्या मुठी एकदम थांबायच्या. तांबटाचे टुक-टुक-टुक ऐकून चाळीतली मुले म्हणायची, हा तर आमच्या बाबांच्या कारखान्यातला फिटर! एकदा सारंगने विचारले होते, "आई, याला रविवारची सुट्टी नसते का गं?"

"ओव्हरटाईम करत असेल," मागून जया कुजबुजली, आणि माझ्या सगळ्या गाठी हसून हलल्या.

लाल मुंग्या पाने शिवून घर कसे बांधतात, भारद्वाज उडण्यापेक्षा चालणेच का पसंत करतो, कोतवाल म्हशीच्या पाठीवर फुकट का फिरतो, हे सगळे मुलांबरोबर मीही शिकलो. दसऱ्याला कामगार आपापली मशिने पुजतात ना? त्या वर्षी मुलांनी मला पुजले. कुंकू लावले, झेंडू वाहिले. बागेचे माळी सुकदेवमामा म्हणाले, "काय थाट आहे दोराचा! आमच्या खुरप्याला असा मान कोणी देत नाही."

मी फुगलो होतो, खोटे कशाला बोलू!

आणि पुढच्याच रविवारी ते घडले.

सुवर्णाबेनचा एक खेळ होता. फेरीच्या आधी त्या मला गवतात लांबच लांब पसरून ठेवायच्या. मुलांनी डोळे मिटून, हाताने चाचपत यायचे आणि आपापली गाठ शोधायची. "डोळे मिटले की बोटं जागी होतात," असे त्या म्हणायच्या. गंमत यायची. जया नेहमी पहिली यायची, कारण मी तिच्या बापाने वळलेला. दुसऱ्या कोणाला मी आधी सापडलेले तिला खपत नसे.

भातकापणीचे दिवस होते. सकाळी गवतावर दव. अर्धवट राहिलेल्या कारंज्यापाशी दगडांचा ढीग होता, आणि त्याच्याजवळच उन्हात एक धामण अंग शेकत पडली होती. माझ्यासारखीच. हिरवट-तपकिरी, लांबच लांब.

जया डोळे मिटून घाईने पुढे आली, माझ्या टोकाच्या जरा पलीकडे गेली, आणि तिच्या हाताला गारगार काहीतरी लागले. दोर दवाने भिजलाय, असे तिला वाटले. तिने मूठ आवळली. धामणीने हिसका दिला.

आता बघा. दुसरे कोणतेही मूल असते तर किंचाळून हात सोडला असता. पण आमच्या मुलांना शिकवलेले काय? एक हिसका म्हणजे थांबा! आणि बापाने शिकवलेले काय? सोडू नको! जया डोळे मिटून, शेपूट मुठीत धरून, शहाण्या मुलीसारखी जागच्या जागी उभी राहिली.

माझे दुसरे टोक तेव्हा सुवर्णाबेनच्या हातात होते. तो हात बर्फ झाला. पण आवाज त्यांनी हलू दिला नाही. "जया बाळा," त्या म्हणाल्या, "हात सोड. पळू नको. फक्त सोड."

जयाने सोडले. धामण दगडांत शिरली. चावली नाही, काही नाही. जयाने डोळे उघडून विचारले, "मी पहिली आले ना?"

मग सारंग ओरडला, "साप!" आणि बाग उलटीपालटी झाली. सुकदेवमामा काठी घेऊन धावत आले. मुले रडत घरी पळाली. आणि गोष्ट त्यांच्याही पुढे पळाली. आमलीत पोचेपर्यंत धामणीचा नाग झाला होता, आणि सोसायटीत पोचेपर्यंत सुवर्णाबेन मुलांना साप धरायला शिकवत होत्या.

सोसायटीतल्या मालतीबाई दारात येऊन म्हणाल्या, "पक्ष्यांपर्यंत ठीक होतं हो. आता काय वाघाची मिशी उपटायला नेणार?" चाळीत बायडाबाईने लेकीवरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि तिला दारात बसवून ठेवले. धामणीच्या शेपटीचा फटका बसला की अंग झडते, असे कोणीतरी सांगितले होते. ती दर थोड्या वेळाने पोरीचा हात उलटा-सुलटा करून बघायची. सुकदेवमामांनीही सांगून टाकले, "बेन, येता रविवार बघतो. सापाच्या भीतीने कोणी आलंच नाही तर सोमवारी ढीग उपसून तिला संपवतो. मला उद्या जाब द्यावा लागेल."

घरी सुवर्णाबेन मला मांडीवर घेऊन बसल्या. नुसत्या माझ्या गाठींवरून बोटे फिरवत. सारंगचे बाबा समजूत घालत म्हणाले, "दोन महिने थांब. लोक विसरतात गं."

"लोक विसरतील," त्या म्हणाल्या, "पण मुलांच्या डोक्यात शेवटी काय राहील? बागेत गेलो, साप निघाला, पळालो. तांबट नाही राहणार, सुगरण नाही राहणार. एवढंच राहील." थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "आणि मी परत एकटी बाकावर."

दुसऱ्या दिवशी त्या मला खांद्याला अडकवून आमलीत गेल्या. बायडाबाई नळावर हंडा भरत होती. तिने मान वर केली नाही.

"दोर द्यायले आल्या का बेन? ठेवा तिथं. कपडे वाळत घालीन."

"माफी मागायला आले, बायडाबाई. साप तिथेच राहतो, त्याची चूक नाही. पोरीची तर नाहीच. डोळे मिटून गवतात हात घालायला मी शिकवलं. आधी बघायचं, हे शिकवायला हवं होतं. चुकलं माझं."

एवढी शिकलेली बाई नळावर सगळ्यांसमोर असे बोलेल, असे बायडाबाईला वाटले नसावे. तिचा आवाज जरा उतरला.

"पन तुम्ही हे शिकवताच कशाले?"

"त्यांना भीती वाटू नये म्हणून."

"वा!" बायडाबाई ताडकन उभी राहिली. "पोरगी तर बिलकूल भेली नाही. रातभर मस्त झोपली. मी बसली होती जागी तिचा हात धरून! तिले तुम्ही शिकवलं. मले कोन शिकवते? तिले तुम्ही फिरवता, अन् मी इथं भांडे घाशीत बसते अन् भीत बसते. माझ्या भीतीचं काय?"

खांद्यावरच्या माझ्या वेटोळ्यावर सुवर्णाबेनचा हात पडला, आणि तो हात विचार करत होता. मग त्यांनी माझी एक गाठ पुढे केली.

"मग तुम्हीच या. रविवारी. ही धरा."

"मी? ओ माय! अन् सैपाक?"

"एक दिवस उशिरा होईल."

बायडाबाईने हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. हंडा डोक्यावर घेऊन निघून गेली.

रविवार उजाडला. बागेच्या फाटकाशी सुवर्णाबेन, सारंग आणि मी. माझ्या साऱ्या गाठी रिकाम्या, अंग जमिनीवर लोळलेले. मित्रांनो, दोराला ताण नसला की त्याचे काही खरे नसते. सुकदेवमामा काठी टेकून लांब उभे होते. तांबट ओरडत होता, पण माझ्या अंगात हिसका देणारे कोणी नव्हते.

"आई, चल ना घरी," सारंग म्हणाला.

"थांबू जरा."

आणि मग बांगड्या वाजल्या.

बायडाबाई आली होती. एका हाताला जया. मागून चाळीतल्या आणखी बायका, पदर तोंडाला लावून हसत. "चला गं, बेननं आज आपल्याले दावणीले बांधायचं ठरवलंय!" एक म्हणाली. "चारा मिळंल का?" दुसरी म्हणाली. आणि सगळ्यांत शेवटी मालतीबाई, "मी नुसती बघायला आलेय हं," असे फाटकातूनच सांगत.

माझ्या गाठींवर एकेक हात पडू लागला. असे हात मला नवे होते. भांडी घासून चरे पडलेले, लसणाचा वास असलेले, एकाला पीठ तसेच चिकटलेले. मालतीबाईंचा हात मऊ, अंगठी टोचणारा. लेकरांच्या मुठी मला नेहमी पुढे ओढायच्या. हे हात आधी संकोचले, मग एकदम इतके घट्ट बसले, की पाळणाच धरलाय जणू.

सुवर्णाबेननी खुणा सांगितल्या. मग म्हणाल्या, "आज कोणी डोळे मिटायचे नाहीत. आधी बघायचं. हात लावायचा नंतर. तोही गरज असेल तरच."

रांग निघाली. सुरुवातीला कुजबुज, खिदळणे. सुगरणीचे लोंबते घरटे आले तेव्हा एक हात थांबला, आणि दोन हिसके आले. "नराला एकट्यालाच विणावं लागतं हे," सुवर्णाबेन हळू आवाजात म्हणाल्या. "मादी येऊन बघते. पसंत नाही पडलं तर जाते निघून."

"हे चांगलं हाये," मागून आवाज आला. "आमची खोली घेताना कोनी विचारलंच नाही मले." मालतीबाई खुदकन हसल्या, आणि त्यांची अंगठी टोचायची थांबली.

पुढे दगडांचा ढीग होता. बायडाबाईचा हात जो आवळला, तो माझे पदर दाबले जाईपर्यंत. दुसऱ्या हाताने तिने जयाला पोटाशी धरले होते. सुकदेवमामांची काठी मागून टकटक येत होती. ऊन वर आले होते.

आणि बायडाबाईने हिसका दिला. एकच.

तिने सर्वांआधी पाहिले होते. पण ती ओरडली नाही. तो हिसका माझ्या अंगातून पुढे गेला, मागे गेला, आणि सगळी रांग थांबली. काठीसुद्धा थांबली. मला काही दिसत नव्हते. मला फक्त हात कळत होते. सगळे एकदम घट्ट. गवतात काहीतरी सरपटत होते, अजिबात घाई न करता. वाट ओलांडून भाताच्या शेताकडच्या बांधाशी गेले. तिकडून एका उंदराचे ची-ची ऐकू आले आणि थांबले.

मग एकेक हात सैल होऊ लागला. आधी मालतीबाईंचा, मग चाळीतल्या बायकांचा. बायडाबाईचा सगळ्यांच्या शेवटी.

"केवढी लांब गं," ती म्हणाली. "पानी वाहतं तशी गेली."

"आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही," मालतीबाईंना जरा अपमानच वाटला होता.

"तिले तिचं काम हाये. आपुन काय तिचे पाहुणे हाओत?"

सुकदेवमामांनी घसा खाकरला. "मग उद्या दगड उपसू की नको?"

सुवर्णाबेनचा हात माझ्या टोकावर वाट बघत होता. बायडाबाईने लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"राहू द्या मामा. घर हाये ते तिचं. पन लेकरांनी त्या दगडाकडे जायचं नाही, हे मी सांगून ठेवते. अन् बेन, तो डोळे मिटायचा खेळ आता बंद!"

"बंद," सुवर्णाबेन म्हणाल्या.

"भीती गेली का गं आई?" जयाने विचारले.

"गेली कुठची!" बायडाबाई म्हणाली. "पन केवढी हाये ते समजलं. घरी बसून होती त्याच्यापेक्षा आखूड हाये."

त्या दिवसापासून माझ्यावर दोन्ही मापांचे हात पडू लागले, लेकरांचे आणि आयांचेही. फेरी बंद पडली नाही. पुढे भिकाला मला लांब करावे लागले, कारण गाठी पुरेनात. नव्या धाग्याचा रंग वेगळा पडला, तो माझ्या अंगावर अजून दिसतो म्हणतात. वर्षे गेली, नव्वदचे दशक सरत आले, सारंगच्या बाबांची बदली झाली. सुवर्णाबेन गेल्या, जाताना मला सुकदेवमामांच्या खोलीतल्या खुंटीला टांगून गेल्या. नंतर कोणीतरी काही रविवार मला नेले. मग बागेत रंगीत दिव्यांचे कारंजे आले, घसरगुंड्या आल्या, आणि माझा हिसका कोणाला ऐकू येईना. आता कधी पालापाचोळ्याचा भारा बांधतात माझ्याने. तक्रार नाही. भार बांधणे हाही दोराचाच धर्म.

फक्त एक चिंता आहे. माझी टोके झिजली, धागे सुटू लागले. मी अंबाडीचा असतो तर मातीत मिळून गेलो असतो. पण मी कारखान्याच्या धाग्याचा, मी कुजत नाही. एखादा सुटा धागा साळुंकीच्या पायात गुंतला तर? ज्यांची नावे मी मुलांच्या बोटांतून शिकलो, त्यांनाच माझा फास लागावा, हे मला सोसणार नाही. म्हणून मित्रांनो, मी कुठे उघड्यावर पडलेला दिसलो तर उचला. माझी टोके बांधा, किंवा मला बंद डब्यात ठेवा. माझ्यासारखा कुठलाही धागा, पतंगाचा मांजासुद्धा, झाडावर सोडू नका.

आणि येत्या रविवारी बागेत निघालात, की एकटे जाऊ नका. आई चुलीशी असेल, नळावर असेल. नाहीच म्हणेल आधी. भांडी पडलीत, कपडे पडलेत, मला काय त्यातलं कळतं, असे म्हणेल. ऐकू नका तिचे. तिचा ओला हात पदराला पुसा, त्यात कुठल्याही दोराची एक गाठ द्या, आणि हळूच सांगा, "आई, आधी काही दिसलं तर हिसका तू द्यायचास."